टोकाच्या पक्षाला टीव्हीवर वेळ कोण देतं, कशाच्या हिशेबानं?

२२ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी पश्चिम लंडनमधल्या बीबीसी टेलिव्हिजन सेंटरच्या फाटकाबाहेर शेकडो निदर्शक जमले होते. त्यातले पंचवीसेक जण सुरक्षा रक्षकांचं कडं भेदून इमारतीत शिरले. त्या संध्याकाळी आत 'क्वेश्चन टाइम' या चर्चेच्या कार्यक्रमाचं ध्वनिचित्रमुद्रण होतं आणि पाच पाहुण्यांपैकी एक होता निक ग्रिफिन. हा ब्रिटिश नॅशनल पार्टी, म्हणजे बीएनपी, या पक्षाचा प्रमुख. पक्षाच्या घटनेनुसार सभासदत्व फक्त गोऱ्या वंशाच्या लोकांना होतं. वांशिक द्वेष भडकवणारा मजकूर वाटल्याबद्दल ग्रिफिनला १९९८ मध्ये शिक्षा झालेली होती. अशा माणसाला जनतेच्या परवाना शुल्कावर चालणाऱ्या वाहिनीनं खुर्ची का द्यावी, हा बाहेरच्या लोकांचा सवाल होता. आत बसलेल्या अधिकाऱ्यांचं उत्तर असं, की चार महिन्यांपूर्वी याच पक्षाला साडेनऊ लाखांच्या आसपास मतदारांनी मतं दिली आहेत, आणि तो कायदेशीर पक्ष आहे.

'टोकाचा पक्ष' हा शब्द इथे नीट समजून घ्यायला हवा. बंदुका आणि बॉम्बवाल्या संघटनांसाठी ब्रिटनमध्ये वेगळा कायदा आहे. २००० च्या दहशतवादविरोधी कायद्याखाली संघटनेवर बंदी घातली, की तिचा सभासद असणं किंवा तिला पाठिंबा मागणं हाच गुन्हा ठरतो. २०१६ च्या डिसेंबरात 'नॅशनल ॲक्शन' या नवनाझी गटावर अशी बंदी आली. अशा संघटनेला प्रचाराचा वेळ द्यायचा का, हा प्रश्नच उरत नाही. खरी अडचण उभी राहते ती नोंदणी झालेल्या, निवडणूक लढवणाऱ्या, कायद्याच्या आत राहणाऱ्या, पण नागरिकांच्या समानतेवरच घाव घालणाऱ्या पक्षाची.

या वादात तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात, आणि म्हणून तो सुटत नाही. एक: निवडणुकीत पक्षाला स्वतःचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत मांडायला फुकट वेळ मिळतो, तो कोणाला? दोन: बातम्यांत आणि चर्चेत कोणाला बोलवायचं, हे कोण ठरवतं? तीन: एखाद्या पक्षाचा आवाज पूर्ण बंद करायचा असेल, तर तो अधिकार कोणाचा? तिन्हींचे नियम वेगळे आहेत आणि चुकाही वेगळ्या ठिकाणी होतात.

फुकट वेळेचा हिशेब

ब्रिटनमध्ये टीव्ही आणि रेडिओवर पैसे मोजून राजकीय जाहिरात करताच येत नाही. २००३ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टमध्ये ही बंदी आहे. ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात आहे, असं म्हणत प्राण्यांच्या हक्कांसाठी काम करणारी एक संस्था स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेली. २०१३ मध्ये तिथल्या १७ न्यायाधीशांनी ९ विरुद्ध ८ अशा काठावरच्या मतांनी बंदी उचलून धरली. मुद्दा असा होता, की ज्याच्याकडे पैसा जास्त त्याचाच आवाज सगळीकडे ऐकू येऊ नये.

जाहिरात बंद केली म्हणून तिच्या बदल्यात पक्षांना ठरावीक फुकट वेळ द्यावा लागतो. आयटीव्ही, चॅनेल ४, चॅनेल ५ आणि देशभर ऐकू येणारी काही व्यावसायिक रेडिओ केंद्रं यांच्यावर हे कायद्यानं बंधनकारक आहे आणि त्यांचे नियम 'ऑफकॉम' ही नियामक संस्था करते. बीबीसी स्वतःच्या सनदेखाली हेच काम करते. टीव्हीवर पक्षानं तीनपैकी एक लांबी निवडायची: २ मिनिटं ४० सेकंद, ३ मिनिटं ४० सेकंद किंवा ४ मिनिटं ४० सेकंद. रेडिओवर जास्तीत जास्त अडीच मिनिटं. चित्रफीत पक्ष स्वतःच्या खर्चानं बनवतो. प्रसारणाचे पैसे लागत नाहीत. हे प्रक्षेपण अमुक पक्षाचं आहे, हे प्रेक्षकाला स्पष्ट सांगावं लागतं.

मोठ्या पक्षांना एकाहून जास्त प्रक्षेपणं मिळतात. लहान पक्षाला एक मिळवायचं असेल तर ढोबळ कसोटी अशी: त्या प्रांतातल्या किमान एकषष्ठांश जागांवर उमेदवार उभे करा. २०२४ च्या निवडणुकीत इंग्लंडमध्ये ५४३ जागा होत्या, म्हणजे ९१ उमेदवार. स्कॉटलंडच्या ५७ जागांसाठी १०, वेल्सच्या ३२ साठी ६, उत्तर आयर्लंडच्या १८ साठी ३. प्रत्येक उमेदवारामागे अनामत रक्कम ५०० पौंड. म्हणजे इंग्लंडमधल्या प्रक्षेपणासाठी किमान ४५,५०० पौंड अडकवावे लागतात. उमेदवाराला ५ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली तर त्याचे ५०० परत मिळतात, नाहीतर बुडाले. शिवाय पक्ष निवडणूक आयोगाकडे नोंदलेला असलाच पाहिजे. नोंदणी नसलेल्या पक्षाचं प्रक्षेपण दाखवायला कायद्यानंच मनाई आहे.

या सूत्रात पक्षाच्या विचारांना जागा नाही, हे लक्षात घ्या. उमेदवार मोजायचे, बस्स. हे मुद्दाम केलेलं आहे. वाहिनीच्या अधिकाऱ्यानं विचार तपासायला सुरुवात केली, तर आज वंशवादी पक्ष गाळला जाईल आणि उद्या त्याच अधिकाऱ्याला न पटणारा कोणताही पक्ष गाळता येईल.

पण मोजणीवर चालणाऱ्या सूत्राला एक भोक असतं: संख्या विकत घेता येते. १९७९ मध्ये 'नॅशनल फ्रंट' या वंशवादी पक्षानं नेमकं हेच केलं. तेव्हा प्रक्षेपणासाठी ५० उमेदवार पुरत असत आणि अनामत होती १५० पौंड. पक्षानं तब्बल ३०३ उमेदवार उभे केले. एकूण मतं पडली १,९१,७१९, म्हणजे देशाच्या ०.६ टक्के, आणि ३०३ च्या ३०३ अनामती जप्त झाल्या. पक्षाला त्याचं फारसं दुःख नसावं. ४५ हजार पौंडांत देशभर प्रक्षेपण, शिवाय प्रत्येक उमेदवाराला मतदारांच्या घरी एक पत्रक फुकट टपालानं पाठवायचा हक्क. बाजारभावानं हे सगळं त्याच्या कितीतरी पट पडलं असतं. १९८५ मध्ये अनामत ५०० पौंड केली गेली. त्याच वेळी ती वाचवण्यासाठी लागणारी मतं साडेबारा टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणली. म्हणजे हौशीनं गर्दी करणाऱ्याला अडथळा आणि खरा पाठिंबा असलेल्या लहान पक्षाला सवलत. पुढे १९९७ मध्ये बीएनपीनं ५० चा आकडा ओलांडून एक प्रक्षेपण मिळवलंच. त्यानंतर ठरावीक आकड्याऐवजी एकषष्ठांशाचं प्रमाण आलं.

फुकट वेळेसारखाच आणखी एक हक्क आहे, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही: सभागृहाचा. निवडणुकीच्या काळात उमेदवाराला सरकारी खर्चातून चालणाऱ्या शाळेची खोली किंवा पालिकेचं सभागृह जाहीर सभेसाठी भाडं न देता मागता येतं. वीज, उब आणि साफसफाईचा खर्च आणि काही मोडलं तर भरपाई तेवढी द्यायची. २३ एप्रिल १९७९ रोजी याच हक्काखाली नॅशनल फ्रंटनं सभा ठेवली ती लंडनच्या साउथॉल टाउन हॉलमध्ये. साउथॉल म्हणजे पंजाबी कुटुंबांची मोठी वस्ती. ज्यांना देशाबाहेर घालवायची भाषा होती त्यांच्याच दारात ही सभा. हजारो लोक विरोधाला उतरले, शेकडोंना अटक झाली आणि ब्लेअर पीच हा शिक्षक डोक्याला मार लागून मेला. तो फटका बहुधा पोलिसाचाच होता, असा निष्कर्ष काढणारा पोलिसांचा अंतर्गत अहवाल जनतेला वाचायला मिळाला तो थेट २०१० मध्ये. फुकट वेळ आणि फुकट सभागृह यांची किंमत कोणत्या वस्तीनं मोजली, हे त्या दिवशी दिसलं. हक्काचं समर्थन करणाऱ्यांनी हा प्रसंग टाळून पुढे जाऊ नये.

वेळ दिला, पण चित्रफितीत काय असू शकतं?

पक्ष पात्र ठरला म्हणजे तो काहीही दाखवू शकतो असं नाही. मजकुराचा ताबा पक्षाकडे, पण प्रसारणाची कायदेशीर जबाबदारी वाहिनीकडे, अशी ही विभागणी आहे. त्यामुळे चित्रफीत आधी जमा करावी लागते. वाहिनीचे वकील तीन गोष्टी पाहतात: बदनामी होते का, वांशिक द्वेष भडकवण्याविरुद्धचा कायदा मोडतो का, आणि प्रेक्षकांना इजा किंवा तीव्र धक्का बसेल असं काही आहे का. बदनामीचा किंवा कॉपीराइटचा दावा झाला तर भरपाई पक्ष देईल, असं वाहिन्या लिहून घेऊ शकतात. एका वाहिनीनं नाकारायचं आणि दुसरीनं दाखवायचं, असं होऊ नये म्हणून या वाहिन्यांचा 'ब्रॉडकास्टर्स लायझन ग्रुप' नावाचा समन्वय गट आहे.

इथे एक खटका उडतो. कायदा मोडणारी चित्रफीत नाकारली तर कोणाची तक्रार नसते. पण कायद्यात बसणारी, तरीही किळस आणणारी चित्रफीत? याचा निकाल वेगळ्याच पक्षाच्या बाबतीत लागला. 'प्रोलाइफ अलायन्स' हा गर्भपातविरोधी पक्ष. वंशवादाशी त्याचा संबंध नाही. २००१ मध्ये वेल्समध्ये सहा उमेदवार उभे करून त्यानं एक प्रक्षेपण मिळवलं आणि गर्भपातानंतरच्या भ्रूणांची दृश्यं असलेली फीत दिली. बीबीसी आणि इतर वाहिन्यांनी ती नाकारली. पक्षानं सुधारलेल्या फिती दिल्या, त्याही परत आल्या. शेवटी जी दाखवली गेली तिच्यात दृश्यांच्या जागी कोरा पडदा आणि त्यावर 'सेन्सॉर केलेले' असा शब्द होता. पक्ष कोर्टात गेला. २००२ मध्ये अपील न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला: निवडणुकीच्या काळात राजकीय बोलणं अभिरुचीच्या कारणावरून कापता येणार नाही. २००३ च्या मे महिन्यात हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, चार विरुद्ध एक मतानं तो फिरवला. लॉर्ड्सचं म्हणणं असं, की अभिरुचीचा नियम संसदेनंच पक्षांच्या प्रक्षेपणांनाही लावला आहे. वाहिनीनं तो प्रामाणिकपणे लावला की नाही, एवढंच कोर्ट पाहील.

आमच्या मते अपील न्यायालयाचा निकाल जास्त बरोबर होता. अभिरुची ही फार लवचीक फूटपट्टी आहे. रात्री उशिराची वेळ आणि आधी सूचना, एवढ्यावर ते प्रकरण भागलं असतं.

जर्मनीनं हीच रेघ जास्त काटेकोर ओढली आहे. तिथे राज्यघटनेच्या कलम २१ नुसार एखादा पक्ष घटनाविरोधी आहे असं जाहीर करण्याचा अधिकार फक्त घटनात्मक न्यायालयाला आहे. तोवर सरकारी पैशाच्या संस्था आणि सार्वजनिक वाहिन्या यांनी त्याला बंदी घातल्यासारखं वागवायचं नाही. २०१७ मध्ये या न्यायालयानं एनपीडी या नवनाझी वळणाच्या पक्षाबद्दल सांगितलं, की उद्दिष्टं घटनाविरोधी आहेत, पण ती गाठण्याची ताकद या पक्षात नाही, म्हणून बंदी नाही. मग २०१९ च्या युरोपीय निवडणुकीत एनपीडीनं आपली जाहिरातफीत दिली. झेडडीएफ वाहिनीनं ती नाकारली. फितीत स्थलांतरितांना सरसकट खुनी ठरवलं होतं. २७ एप्रिलला घटनात्मक न्यायालयानं झेडडीएफच्या नकारात हस्तक्षेप केला नाही. पक्षानं शब्द बदलून नवी फीत आरबीबी या दुसऱ्या सार्वजनिक वाहिनीला दिली. तिनंही नकार दिला, खालच्या दोन न्यायालयांनी तो मान्यही केला. पण १५ मे रोजी घटनात्मक न्यायालयानं आदेश दिला: दाखवा. कसोटी एकच. फौजदारी कायद्याचा भंग उघडउघड आणि गंभीर असेल तरच वाहिनी नकार देऊ शकते; वाक्याचे दोन अर्थ निघत असतील आणि त्यातला एक कायद्यात बसत असेल, तर संशयाचा फायदा पक्षाला. मतदान २६ मे रोजी होतं, म्हणजे निकाल वेळेत लागला. एकाच पक्षाची एक फीत अडली आणि दुसरी सुटली, यात विसंगती नाही. तपासायची ती फीत, पक्ष नव्हे, हाच तर नियम आहे.

पैसे मोजून जाहिरात करायला मोकळीक असलेल्या अमेरिकेत आणखी वेगळं चित्र आहे. तिथल्या दूरसंचार कायद्याच्या कलम ३१५ नुसार उमेदवाराच्या जाहिरातीतला एक शब्दही केंद्राला कापता येत नाही. १९७२ मध्ये जे. बी. स्टोनर या जॉर्जियातल्या उमेदवारानं कृष्णवर्णीयांबद्दल अर्वाच्य शब्द वापरलेल्या जाहिराती दिल्या, तेव्हाही नियामकानं त्या थांबवायला नकार दिला. त्याच्या मोबदल्यात अशा जाहिरातीतल्या बदनामीसाठी केंद्राला जबाबदार धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५९ मध्येच ठरवलेलं आहे.

खुर्ची: हक्क नव्हे, निवड

आता ग्रिफिनकडे परत. चर्चेच्या कार्यक्रमात बसणं हा कोणत्याही पक्षाचा हक्क नाही, अगदी मोठ्या पक्षाचाही नाही. २०१९ मध्ये आयटीव्हीनं बोरिस जॉन्सन आणि जेरेमी कॉर्बिन या दोघांचीच वादचर्चा ठेवली, तेव्हा लिबरल डेमोक्रॅट्स आणि स्कॉटिश नॅशनल पार्टी उच्च न्यायालयात गेले आणि हरले.

या बाबतीत वाहिनीवर बंधन असतं ते 'यथायोग्य' निःपक्षपातीपणाचं. सगळा अर्थ त्या 'यथायोग्य'मध्ये आहे. सर्वांना सारखा वेळ असा तो अर्थ नव्हे. पक्षाला आधी किती मतं पडली आणि सध्या किती पाठिंबा दिसतो, त्या प्रमाणात जागा. पूर्वी ऑफकॉम 'मोठ्या पक्षां'ची यादी ठेवत असे. २०१७ पासून ती बंद आहे आणि हे वजन प्रत्येक वाहिनीनं स्वतः करायचं आहे. नियम मोडला तर व्यावसायिक वाहिनीला अडीच लाख पौंड किंवा उत्पन्नाच्या ५ टक्के, यातली मोठी रक्कम दंड होऊ शकतो.

बीएनपीच्या बाबतीत हे वजन कसं झालं पाहा. ४ जून २००९ च्या युरोपीय निवडणुकीत पक्षाला ६.२ टक्के मतं पडली. ग्रिफिन वायव्य इंग्लंडमधून आणि अँड्र्यू ब्रॉन्स यॉर्कशर-हंबरमधून युरोपीय संसदेवर निवडून आले. राष्ट्रीय पातळीवरच्या निवडणुकीत एवढी मतं आणि दोन जागा मिळवणाऱ्या इतर पक्षाला बीबीसी अधूनमधून 'क्वेश्चन टाइम'मध्ये बोलवतेच. मग याला न बोलवायचं कारण एकच उरत होतं, विचार न पटणं, आणि ते कारण नियमात बसत नव्हतं. वेल्सचे मंत्री पीटर हेन यांनी तक्रार केली: पक्षाची घटनाच बेकायदेशीर आहे, तिच्यावर समानता आयोगाचा दावा सुरू आहे. बीबीसीवर देखरेख ठेवणाऱ्या बीबीसी ट्रस्टनं आदल्या दिवशी, २१ ऑक्टोबरला, ती फेटाळली. महासंचालक मार्क थॉम्पसन यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून भूमिका मांडली, की एखाद्या पक्षाला हवेवरून हटवायचं असेल तर तो निर्णय सरकारनं आणि संसदेनं उघडपणे घ्यावा, बीबीसीकडून तो करवून घेऊ नये.

इथवर बीबीसीचं बरोबर होतं. चुकलं ते नंतर, मांडणीत.

एरवी या कार्यक्रमात प्रेक्षक आठवड्यातल्या घडामोडींवर प्रश्न विचारतात आणि प्रत्येक पाहुण्याला उत्तर द्यावं लागतं. त्या दिवशी देशभर टपाल कर्मचाऱ्यांचा संप होता. घरोघरी पोचणाऱ्या अशा विषयावर बीएनपीचं धोरण काय, हे विचारलं असतं तर पक्षाची पोकळी दिसली असती. त्याऐवजी बहुतेक वेळ खुद्द बीएनपीवरच गेला. पहिलाच प्रश्न होता, या पक्षानं चर्चिल यांचं नाव वापरणं योग्य आहे का. लेबर सरकारमधले मंत्री जॅक स्ट्रॉ, काँझर्व्हेटिव्ह पक्षाच्या सईदा वारसी, लिबरल डेमोक्रॅट ख्रिस ह्यून आणि नाटककार बॉनी ग्रीअर हे चौघे, सूत्रसंचालक डेव्हिड डिम्बलबी आणि जवळजवळ सगळं प्रेक्षागृह एका बाजूला. ग्रिफिन एकटा दुसऱ्या बाजूला. तो अडखळला हे खरं. ज्यूंच्या संहाराबद्दल आधी काय म्हणत होता याचं उत्तर त्याला देता आलं नाही, आणि अमेरिकेतल्या कू क्लक्स क्लान या वंशवादी संघटनेचा एक गट 'जवळजवळ पूर्णपणे अहिंसक' असल्याचं तो बोलून बसला. पण दुसऱ्या दिवशी त्याला 'माझ्यावर झुंड सोडली' असं म्हणायला जागा मिळाली. स्थलांतराच्या धोरणावर सरकारची चूक झाली का, या सरळ प्रश्नाला स्ट्रॉ यांनी गोल गोल उत्तर दिलं. संपूर्ण तासाभरात ग्रिफिनच्या सर्वांत फायद्याची ती दोन-चार मिनिटं ठरली.

कार्यक्रम सुमारे ८० लाख लोकांनी पाहिला, नेहमीच्या जवळपास तिप्पट. लगेच झालेल्या एका पाहणीत २२ टक्के लोकांनी कधीतरी बीएनपीला मत देण्याचा गांभीर्यानं विचार करू असं म्हटलं आणि 'आम्ही सांगत होतो ना' अशी ओरड झाली. साडेसहा महिन्यांनी, २०१० च्या सार्वत्रिक निवडणुकीत, पक्षानं ३३८ उमेदवार उभे केले. १.९ टक्के मतं, एकही जागा नाही. पूर्व लंडनमधल्या बार्किंगमध्ये स्वतः ग्रिफिन तिसरा. बार्किंग-डॅगेनम पालिकेतले पक्षाचे बाराच्या बारा नगरसेवक पडले. मग दुसरी बाजू म्हणू लागली, की टीव्हीनंच त्याला उघडं पाडलं. दोन्ही दावे जास्त आहेत. बार्किंगमध्ये विरोधी कार्यकर्ते महिनोन्‌महिने घरोघर फिरले, पक्षात आपसांत भांडणं होती, पैशाची चणचण होती. एका रात्रीच्या कार्यक्रमाला एवढं श्रेय किंवा एवढा दोष देता येत नाही.

या अनुभवावरून काम करणाऱ्या संपादकाला उपयोगी पडतील अशा काही गोष्टी सांगता येतात. अशा नेत्याची मुलाखत थेट प्रक्षेपित करण्यापेक्षा आधी मुद्रित करावी. बदनामी किंवा चिथावणी झाली तर कापता येते आणि आकडे तपासायला वेळ मिळतो. एकाच पत्रकारानं, त्याच पक्षाचा जाहीरनामा वाचून, पैसे कुठून आणणार आणि कायदा कसा बदलणार हे विचारत बसावं. चार जणांनी मिळून संताप व्यक्त केला तर प्रेक्षकाला माहिती मिळत नाही, फक्त तमाशा दिसतो. त्याची जुनी विधानं तारखेनिशी हाताशी हवीत. आणि ज्या समाजावर रोख आहे त्या समाजातल्या माणसाला 'तुमच्या असण्याबद्दल' वाद घालायला समोर बसवू नये. कोणी या देशात राहावं, हा मतभेदाचा विषय आहे असं त्या बैठकीच्या रचनेतूनच सूचित होतं, आणि पुढचं कितीही चांगलं उत्तर ते पुसू शकत नाही.

आवाज बंद केला तेव्हा काय झालं

थॉम्पसन यांच्या लेखामागे एक जुना अनुभव होता. १९ ऑक्टोबर १९८८ रोजी गृहमंत्री डग्लस हर्ड यांनी उत्तर आयर्लंडमधल्या अकरा संघटनांच्या प्रतिनिधींचा आवाज प्रसारित करायला मनाई केली. त्यात आयआरए या ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेची राजकीय शाखा समजला जाणारा शिन फेन हा पक्षही होता. त्याचे प्रमुख गेरी ॲडम्स पश्चिम बेलफास्टचे निवडून आलेले खासदार होते. 'दहशतवाद्यांना प्रसिद्धीचा प्राणवायू मिळू नये' ही मार्गारेट थॅचर यांची भूमिका यामागे होती. बंदी 'बोललेल्या शब्दां'वर होती. म्हणून वाहिन्यांनी ॲडम्स यांचा चेहरा दाखवला आणि त्यांचंच वाक्य नटाच्या आवाजात ऐकवलं. स्टीफन रे या अभिनेत्यानं हे काम केलं. काही वेळा ओठ आणि आवाज इतके जुळत, की बंदीचा हेतूच हरवून जाई. पत्रकारांनी कोर्टात दिलेलं आव्हान हाउस ऑफ लॉर्ड्सनं १९९१ मध्ये फेटाळलं. बंदी उठली १६ सप्टेंबर १९९४ रोजी, आयआरएच्या शस्त्रसंधीनंतर.

खुद्द आयर्लंडच्या प्रजासत्ताकात नियम आणखी कडक होता आणि तिथलं नुकसान जास्त शिकवणारं आहे. १९६० च्या प्रसारण कायद्याच्या कलम ३१ खालच्या आदेशांनी शिन फेनच्या प्रवक्त्यांना हवेवर मज्जाव होता. आरटीई या सार्वजनिक वाहिनीनं घाबरून तो पक्षाच्या प्रत्येक सभासदाला लावला. १९९० मध्ये डब्लिनच्या एका बेकरीत संप झाला. संप समितीचा अध्यक्ष शिन फेनचा सभासद होता, म्हणून पगार आणि नोकऱ्यांबद्दलची त्याची मुलाखतही प्रसारित झाली नाही. त्यानं दावा लावला. १९९३ मध्ये आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की आदेश पक्षाच्या वतीनं बोलण्यापुरता होता, आरटीईनं तो स्वतःहून ताणला. पुढच्याच वर्षी जानेवारीत सरकारनं आदेशाचं नूतनीकरण केलं नाही. बंदी कागदावर लिहिली असते त्याहून मोठी होत जाते, कारण नोकरी सांभाळणारा माणूस नेहमी दोन पावलं अलीकडेच थांबतो.

दूरदर्शनचं सूत्र

भारतात हा हिशेब उलट्या टोकापासून सुरू होतो. १९९८ पासूनच्या योजनेनुसार लोकसभा निवडणुकीत आकाशवाणी आणि दूरदर्शनवर फुकट वेळ मिळतो तो फक्त मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि राज्य पक्षांना. राष्ट्रीय पक्षाला दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीवर मूळ ४५ मिनिटं, त्यावर मागच्या निवडणुकीतल्या मतांनुसार जास्तीचा वेळ. एका बैठकीत १५ मिनिटांहून जास्त नाही. तारीख आणि वेळ चिठ्ठ्या टाकून. ब्रिटनमध्ये उमेदवार उभे करून नवा पक्ष आत येऊ शकतो. इथे आधी मतं, मग वेळ. नॅशनल फ्रंटनं वापरलेलं भोक त्यामुळे बुजतं, पण खऱ्या नव्या पक्षाचंही दार बंद होतं.

दुसरा फरक मजकुराचा. भाषणाची संहिता आधी द्यावी लागते आणि मनाईची यादी लांब आहे: धर्म किंवा जमातीवर हल्ला, हिंसेची चिथावणी, बदनामी, न्यायालयाचा अवमान हे तर आहेच, शिवाय इतर देशांवर टीका नाही आणि कोणत्याही व्यक्तीवर नाव घेऊन टीका नाही. खासगी वाहिनीवरची जाहिरात सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या आदेशापासून आधी प्रमाणित करून घ्यावी लागते. नोंदणीकृत पक्ष आणि उमेदवार यांनी प्रसारणाच्या तीन दिवस आधी, इतरांनी सात दिवस आधी अर्ज करायचा. सोबत ध्वनिचित्रफितीच्या दोन प्रती आणि साक्षांकित संहिता.

यादी एवढी पसरट असली की ती टोकाच्या पक्षापुरती राहत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत माकपचे सीताराम येचुरी आणि फॉरवर्ड ब्लॉकचे जी. देवराजन यांना प्रसारणाआधी काही शब्द गाळायला सांगण्यात आलं. येचुरींच्या भाषणातून 'जमातवादी हुकूमशाही राजवट' या अर्थाचे शब्द गेले. देवराजन यांना 'मुस्लिम' हा शब्द काढायला सांगितला होता. जर्मन न्यायालयाची कसोटी, उघड आणि गंभीर गुन्हा, यातल्या एकाही शब्दाला लावली असती तर तो शब्द जागेवर राहिला असता.